पुस्तकी किंमत एक रुपया

सप्टेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने कोलकात्याची ट्राम बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा वर एक गोळीही चघळायला दिली होती. एस्प्लनेड ते मैदान एवढ्या तुकड्यावर ती 'वारसा' म्हणून फिरत राहील! १८७३ साली घोड्यांनी ओढलेली आणि १९०२ पासून विजेवर धावलेली ही गाडी अखेर सहलीपुरती उरणार होती. मुंबईकरांना याचे नवल वाटू नये. आपण आपली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला रवाना केली आणि खाते बंद केले. (तारीखही वर्षअखेरीची!)

मला हा 'वारसा' शब्दच अलीकडे धास्तीचा वाटतो. इटलीतल्या मिलान या कारखानदारीच्या शहरात १९२८ च्या नमुन्याचे सुमारे पाचशे ट्रामडबे बनले. नमुना मूळ अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे अधिकारी पीटर विट यांचा. पुढून चढायचे, मधल्या दाराशी बसलेल्या कंडक्टरला पैसे द्यायचे आणि उतरायचे किंवा मागे जाऊन बसायचे. क्लीव्हलंडने १९५४ मध्ये ट्राम मोडीत काढली. मिलानमध्ये मात्र त्यातले शंभराहून अधिक डबे अजून लाकडी बाकांसह नोकरदारांची ने-आण करतात. त्यातलेच काही सॅन फ्रान्सिस्कोने विकत घेतले. तिथे १९९५ मध्ये सुरू झालेल्या एफ मार्गावर ते जुन्या गाड्यांच्या ताफ्यात धावतात. पर्यटक फोटो काढतात, पण तिकीट साध्या बसचेच.

बँकेत असताना कर्जाच्या तपासणीसाठी मी पुष्कळ कारखाने हिंडलो. घसारा जाऊन पुस्तकात एक रुपया उरलेली यंत्रे तिन्ही पाळ्या भरताना दिसत, कारण शेजारी त्याच जातीची चार यंत्रे आणि त्यांचा स्वभाव ओळखणारा फिटर असे. ट्रामचेही तसेच आहे. शंभर डबे असले की एकाचा भाग दुसऱ्याला लागतो, कारागिराच्या हाताखाली नवा पोरगा तयार होतो. एकच डबा ठेवलात की प्रत्येक सुटा भाग मुद्दाम घडवून घ्यावा लागतो. जतनाचा याहून महागडा मार्ग नाही.

कोलकात्यात रस्त्यांना जेमतेम सहा टक्के जागा, त्यात ही संथ ट्राम, असे मंत्र्यांचे म्हणणे होते. जागेची अडचण खरीच आहे. पण पूर्वी तिथे कित्येक रस्त्यांवर ट्रामचे रूळ मधोमध स्वतंत्र होते. ते सपाट करून मोटारींना मोकळे केले, आणि मग कोंडीत अडकते म्हणून ट्रामलाच बोल लावला! डेपोंच्या काही जमिनीही दीर्घ भाडेपट्ट्याने गेल्या. ही जमा कागदावर येते. ट्रामने वाचवलेला धूर आणि स्वस्त तिकिटावर गेलेला विद्यार्थी यांना मात्र ताळेबंदात रकाना नाही.

वारसाफेरीचे अंदाजपत्रक करणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की, दोन-चार डब्यांसाठी नोनापुकुरची कार्यशाळा किती वर्षे उघडी ठेवणार, आणि तो खर्च कोणत्या खात्यावर टाकणार?