धरण खाली, पाडा वर

मुलांनो, नकाशात ठाणे जिल्हा शोधा. पूर्वेला सह्याद्रीची रांग आणि तिच्या पायथ्याशी शहापूर व मुरबाड हे दोन तालुके. पावसाळ्यात इथे असा पाऊस कोसळतो की ओढ्यापलीकडची पोरं शाळेतच येऊ शकत नाहीत. आणि एप्रिल-मे उजाडला की याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट बघतात! गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा!) मुंबईला पाणी देणारं तानसा धरण याच तालुक्यात, १८९२ सालचं. भातसा धरणही इथलंच. मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसातून जातं.

असं का? एक कारण तुमच्या भूगोलात आहे. इथला काळा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही. दुसरं कारण मोठी माणसं सांगतात : धरण दरीत, पाडे डोंगरावर. पाणी काय, उताराकडे धावणार. वर चढवायचं तर पंप हवा, वीज हवी, पैसा हवा. पटतं ना? पण थांबा. भातसाचं पाणी नदीने पिसे या ठिकाणी जातं आणि तिथून मुंबईसाठी ते पंपानेच उचलावं लागतं! म्हणजे पाणी उचलता येतं. कोणासाठी उचलायचं, हे माणसं ठरवतात.

आता हवामान बदलतंय. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. पाऊस धो धो येऊन निघून गेला, तर जमिनीत मुरायला त्याला सवड कुठली?

ऊन सगळ्यांना सारखंच, असं आपण म्हणतो. पण शहरात पाणी कमी पडलं की पाणीकपात होते, नळ थोडा कमी वेळ येतो. पाड्यावर विहीर आटली की नदीच्या कोरड्या पात्रात डवरा खणायचा, वाटी-वाटीने पाणी भरायचं. १५ लिटरचा हंडा म्हणजे १५ किलो वजन, वर हंड्याचं वेगळं. तो बहुतेक वेळा आई उचलते, नाहीतर ताई. उन्हाळ्यात आमचा हजेरीपट पाहिला तर कोणाच्या नावापुढे जास्त खाडे दिसतात, हे तुम्ही ओळखलंच असेल. कातकरी घरातली मुलं तर दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली असतात. टँकर आला काय नि न आला काय.

शहराची तहान वाढते, मग नवं धरण हवं असतं. मुरबाड तालुक्यात काळू नदीवर असंच धरण सुरू झालं होतं. गावं, शेतं, जंगल बुडणार म्हणून तिथल्या आदिवासींनी विरोध केला. वनखात्याची परवानगी नसताना चाललेलं ते काम २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थांबवलं. आता त्या योजनेची चर्चा पुन्हा सुरू आहे. शहरालाही पाणी हवंच, तिथेही मुलंच राहतात. पण ज्यांचं घर बुडायचं त्यांना आधी विचारायला नको का?

शहापूरसाठी एक चांगली कल्पनाही पुढे आली : इगतपुरीकडचं भावली धरण घाटावर, म्हणजे पाड्यांपेक्षा उंच. तिथून पाणी उताराने खाली आणायचं. बघा, भूगोल तोच. या वेळी तो पाड्यांच्या बाजूने वापरला.

या आठवड्यात एक काम करा. घरात दिवसाला किती हंडे किंवा बादल्या पाणी लागतं ते मोजा. वहीत चार रकाने आखा : किती, कुठून, किती वेळ लागला, कोणी आणलं. आणि पालकांनो, चौथा रकाना भरताना तुम्हीही मुलांजवळ बसा.