परतीच्या वाटेचा शोध



दिवसअखेर रोजमेळ जुळला नाही, तर आपण सारी वही टाकून देत नाही. एकेक नोंद पडताळत मागे जातो. जुन्या मोटारीतील विजेचा दोषही असाच शोधावा लागतो, हे मला गेल्या दिवाळीत उमगले.

वडिलांनी 1971 साली घेतलेली फियाट सुप्याच्या आमच्या घरी आजही चालू स्थितीत आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील ती गाडी. दर रविवारी वडिलांना शेजारी बसवून मी तिची एक फेरी काढतो. अचानक तिचा हॉर्न मुका झाला. पुणे-नगर रस्त्यावर औद्योगिक वसाहतीच्या अवजड वाहनांमध्ये हॉर्नविना गाडी नेणे धोक्याचे. शिवाय कायद्यानेही हॉर्न सक्तीचा आहे. कारागिराने दोन्ही हॉर्न आणि पुढची सारी वायरिंग बदलण्यास सांगितले. धाकटे बंधू म्हणाले, "त्यापेक्षा भंगारात देऊ." वडील काहीच बोलले नाहीत. त्यांचे ते मौन मला हॉर्नच्या मौनापेक्षा अधिक जड वाटले.

नवे काही विकत घेण्यापूर्वी आहे ते क्रमाने तपासायचे ठरवले. वीज बॅटरीतून निघते, फ्यूज व रिलेमधून हॉर्नपर्यंत पोहोचते आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत येते. जाणे आणि येणे, दोन्ही वाटा मोकळ्या असतील तरच हॉर्न वाजतो.

प्रथम फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. मग सुकाणूवरील बटण दाबले, तेव्हा मागाहून बसवलेल्या रिलेतून 'टक्' असा आवाज आला. म्हणजे बटण आणि रिलेचे वेटोळे दोन्ही ठीक होती. आवाज आला नसता, तर बटणाचे संपर्कबिंदू आणि सुकाणूच्या दांड्यातील तार पाहावी लागली असती.

त्यानंतर टेस्ट लॅम्पचे एक टोक हॉर्नच्या तारेला व दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावले. बटण दाबताच दिवा लागला. वीज हॉर्नपर्यंत येत होती. आता दुसरे टोक हॉर्नच्या धातूच्या कवचाला लावले. दिवा लागला नाही! शेवटी एका जाड तारेने ते कवच थेट बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडले आणि बटण दाबले. हॉर्न खणखणीत वाजला. दुसऱ्या हॉर्नचेही तेच.

दोष उघड झाला. दोन वर्षांपूर्वी गाडी रंगवताना हॉर्नच्या पट्टीखाली रंगाचा जाड थर बसला होता. पुढे बोल्टवर गंज चढला आणि परतीची वाट बुजली. गाडी सुंदर दिसावी म्हणून दिलेल्या रंगानेच तिचा आवाज बंद केला होता. बोल्ट काढून पट्टीखालची जागा पॉलिश पेपरने लखलखीत होईपर्यंत घासली, बोल्ट आवळले आणि गंज धरू नये म्हणून वरून पेट्रोलियम जेली लावली. अर्ध्या तासाचे काम, खर्च नगण्य.

वाचकांपैकी कोणी हे करणार असेल, तर हातातील अंगठी व धातूचे घड्याळ आधी काढून ठेवावे. बॅटरीच्या धन टोकाची तार सांगाड्याला लागू देऊ नये. ठिणगी उडून तार जळते. पेट्रोलचा वास येत असेल, तर तपासणी थांबवावी.

जुनी वायरिंग सरसकट उपटण्याची घाई आणखी एका कारणासाठी टाळावी. 2021 साली केंद्र शासनाने 50 वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी विंटेज नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. त्यांत वाहन मूळ रूपात राखलेले असणे अपेक्षित आहे. जे बदलले नाही, त्याचेच तेथे मोल आहे.

व्यवहारात पैसा गेला कुठे हे आपण काटेकोरपणे पाहतो. परतीच्या वाटेकडे मात्र उधारी थकल्यावरच लक्ष जाते. विजेचा हिशेबही याला अपवाद नाही.

त्या रविवारी गाडी बाहेर काढली. वडिलांनी हात लांबवून हॉर्न एकदाच दाबला आणि म्हणाले, "बस, एवढा पुरे. उगाच वाजवू नये." धाकट्या बंधूंनी भंगाराचा विषय पुन्हा काढलेला नाही.