पाहुण्याचा हिशेब

चियांग माईला येऊन राहिल्याला आता तीन वर्षे होतील. थायलंडच्या उत्तरेकडचे, डोंगरांच्या कुशीतले हे शहर. बँकेतून निवृत्त झाल्यावर आम्ही नवरा-बायको वर्षातले आठ-नऊ महिने इथे काढतो, उरलेले पुण्यात. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच : ‘‘महिन्याला किती लागतात हो तिकडे?’’ पुण्याचे भाऊबंद विचारतात, मुंबईचे जुने सहकारी विचारतात. इथल्या कॉफीच्या दुकानांत बसलेले इंग्रज, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन म्हातारे तर एकमेकांना दुसरे फारसे काही विचारतच नाहीत. मेलबर्नच्या निम्म्यात भागते, बँकॉकपेक्षा स्वस्त, व्हिएतनामच्या दानांगपेक्षा थोडे महाग, असा हिशेब सकाळभर चालतो. पस्तीस वर्षे बँकेत आकडेमोड केलेल्या माणसाला खरे तर अशा गप्पांत रस वाटायला हवा. मला मात्र त्या दिवसेंदिवस खटकू लागल्या आहेत. का, ते सांगतो.

आधी या शहराचे देणे मान्य केले पाहिजे. मंगराय राजाने १२९६ साली ते वसवले. चियांग माई म्हणजे ‘नवे नगर’. सातशे वर्षे उलटली तरी नाव नवेच राहिले! जुन्या गावाभोवतीचा चौकोनी खंदक अजून पाण्याने भरलेला आहे. पश्चिमेला दोई सुथेपचा डोंगर आणि त्यावरचे सोनेरी देऊळ. इथे विद्यापीठाला ‘महाविथ्यालाय’ म्हणतात. संस्कृतची अशी ओळखीची खूण भेटली की नातेवाईक भेटल्यासारखे वाटते. सरकारी कागदांवर बुद्धाचे वर्ष असते, आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढचे. पुढच्या तारखेचा चेक उभ्या हयातीत न स्वीकारलेल्या माझ्यासारख्याला हे पचवायला जरा वेळ लागला. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लागतात, बहुतेक वर्षी त्याच सुमारास इथले लोक केळीच्या खोडाच्या तबकांत दिवे लावून पिंग नदीत सोडतात. आणि लोक हॉर्न वाजवीत नाहीत. पुणेकराला याहून मोठे सुख कोणते?

उणेही आहेच. फूटपाथ उखडलेले, डोक्यावर विजेच्या तारांचे जंजाळ. शहराच्या मानाने बससेवा नाममात्र. तांबड्या रंगाच्या, दोन बाकांच्या सोंगथेव गाड्या हात करून थांबवायच्या. तेव्हा हे काही नंदनवन नव्हे. एक चांगले, माणसांचे, दमट उन्हाळ्याचे शहर आहे.

आता स्वस्ताईकडे वळू. इथे ‘खाओ सोय’ नावाचा पदार्थ मिळतो. नारळाच्या दुधातल्या रश्श्यात शेवया, वर तळलेल्या शेवया, सोबत आंबवलेली भाजी आणि कच्चा कांदा. साधारण साठ बाथ. ऑस्ट्रेलियन गृहस्थाला हे फुकटात पडल्यासारखे वाटते. पण १ जानेवारी २०२५ पासून चियांग माई शहराच्या तालुक्यात किमान मजुरी ठरली ती दिवसाला ३८० बाथ. म्हणजे मजुराला तीच वाटी दिवसाच्या कमाईच्या जवळजवळ सहाव्या हिश्श्याला पडते. वाटी तीच, दुकान तेच, बाकही तेच. मग स्वस्त काय आहे? शहर स्वस्त नाही. येणाऱ्याचा पैसा महाग आहे.

बँकवाल्यांना हे १९९७ सालीच कळायला हवे होते. त्या वर्षी २ जुलैला थायलंडने बाथचा डॉलरशी बांधलेला दर सोडून दिला. पंचवीस बाथला मिळणारा डॉलर जानेवारी १९९८ पर्यंत पन्नासच्या वर गेला. धंदे बुडाले, नोकऱ्या गेल्या, आणि ज्यांच्या खिशात डॉलर होते त्यांच्यासाठी हा देश निम्म्या किमतीत आला. शहराने त्यासाठी काहीही केलेले नव्हते. आपल्या रुपयाची गोष्ट उलटी. २०१० मध्ये दीड रुपयाच्या आसपास मिळणाऱ्या बाथला २०२५ मध्ये अडीच रुपयांहून जास्त मोजावे लागत होते. म्हणून पुणेकराला इथे स्वस्ताई अशी जाणवतच नाही. ज्या गुणाची किंमत विनिमयाच्या फलकावर रोज बदलते, तो त्या गावाचा गुण कसा म्हणायचा?

दुसरा आकडा पाहा. पन्नाशी गाठलेल्या परदेशी माणसाला निवृत्त म्हणून इथे वर्षभर राहायचे तर थाई बँकेत आठ लाख बाथ ठेव दाखवावी लागते, किंवा महिना पासष्ट हजार बाथ उत्पन्न. आठ लाखांना ३८० ने भागा. दोन हजार एकशे पाच दिवस येतात. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर सात वर्षांची मजुरी, त्यातला एक बाथही न खाता! आणि ही नुसती दारातून आत येण्याची अट.

थाई भाषेत गोऱ्या माणसाला ‘फरांग’ म्हणतात. आपला ‘फिरंगी’ तोच. गंमत म्हणजे पेरूलाही फरांगच म्हणतात. आपल्यासारख्या हिंदुस्थानी माणसाला म्हणतात ‘खॅक’. त्याचा मूळ अर्थ पाहुणा. हा शब्द नेहमीच आदराने उच्चारला जातो असे नाही. पण मला त्याचा राग येत नाही, कारण तो खरा आहे. मला इथे जमीन घेता येत नाही, निवृत्तीच्या व्हिसावर काम करता येत नाही, दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवावा लागतो. मत तर नाहीच. पाहुण्याला घरातले चांगले ताट मिळते. घराच्या भांडणात बोलायचा हक्क मिळत नाही.

या शहरात दुसऱ्या प्रकारचे परदेशीही आहेत. सीमेपलीकडून, म्यानमारमधून आलेले शान लोक. इमारतींच्या बांधकामावर, बागांत, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत ते राबतात. त्यांचेही कागद तपासले जातात, त्यांनाही मत नाही. फरक एवढाच की आम्हांला काम करण्याची बंदी आणि त्यांना काम थांबवण्याची सोय नाही. ‘महिन्याला किती लागतात’ हा प्रश्न त्यांना कुणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

हा सगळा फरक उघडा पडतो तो फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत. शेतातला मक्याचा पालापाचोळा जाळतात, जंगलांत वणवे लागतात, म्यानमार आणि लाओसकडूनही धूर येतो, आणि डोंगरांच्या परातीत तो साचून राहतो. जाळला जाणारा बराचसा मका कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी पिकवलेला असतो. २०२३ च्या मार्चमध्ये जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत चियांग माई अनेक दिवस अव्वल होते. दोई सुथेपचा डोंगर दिसेनासा होतो. तेव्हा कॉफीच्या दुकानांतली गर्दी ओसरते. कोणी दक्षिणेला समुद्रावर जातो, कोणी मायदेशी. आम्हीही ते महिने पुण्यात काढतो. पत्नीच्या दम्याला दुसरा इलाज नाही. भाजीवाली, सोंगथेववाला, शाळेतली मुले मात्र कुठे जाणार? त्यांनी निराळा मार्ग धरला. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे सतराशे नागरिकांनी पंतप्रधानांविरुद्ध इथल्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावला, आणि जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने सरकारला नव्वद दिवसांत उपाययोजना आखण्याचा हुकूम दिला. धूर त्याने लगेच संपला असे नव्हे. परंतु गाव कोणाचे, हे त्या दाव्यावरच्या सह्या सांगतात.

माझे म्हणणे एवढेच की दोन गावांची तुलना करायची तर ती जाऊ शकणाऱ्याच्या खिशावरून करू नये, जाऊ न शकणाऱ्याच्या दिनक्रमावरून करावी. त्याला पाणी कसे मिळते, हवा कशी मिळते, आजारी पडला तर काय होते? या शेवटच्या प्रश्नात थायलंडने २००२ सालच्या कायद्याने आपल्या नागरिकांसाठी सरकारी आरोग्यसेवेची जी सोय केली, ती पाहून मला पुण्या-मुंबईबद्दल वाईट वाटते. तीस बाथमध्ये उपचाराची योजना म्हणून ती ओळखली जाते. माझ्यासारख्या पाहुण्याला ती लागू नाही, आणि तेच योग्य आहे. हवेच्या प्रश्नात पुणेकर अजून तरी बरा. अशी एकेक रकमेची नोंद केली म्हणजे ताळेबंद कुठल्याच गावाच्या बाजूने सरळ झुकत नाही.

मी सदुसष्ट वर्षांचा आहे. सत्तरीनंतर विम्याचे हप्ते वाढत जातात, आणि तोवर काय ते ठरवा, असा पत्नीचा आग्रह आहे. तिला इथला शेजार आवडतो. बाजारातल्या बायकांशी ती मोडक्या थाईत तासन्‌तास बोलते. माझा कल परत जाण्याकडे आहे, आणि त्याचे कारण खर्च नाही. पुण्यात मी नळाला पाणी नाही म्हणून नगरसेवकाच्या दारात उभा राहू शकतो, वर्तमानपत्राला पत्र लिहू शकतो, निवडणुकीत राग काढू शकतो. त्याने पाणी येतेच असे नाही, पण म्हातारपणीही मला हा अधिकार सोडवत नाही. ज्यांना विसावाच हवा आहे त्यांनी चियांग माईला जरूर यावे. मात्र चार शब्द इथली भाषा शिकून यावे, मोलकरणीला वाजवी पगार द्यावा, आणि पन्नास बाथसाठी सोंगथेववाल्याशी घासाघीस करताना त्याची दिवसाची मिळकत एकदा मनात आणावी.