रिकाम्या टाकीची भीती

गेल्या महिन्यात घराजवळच्या वळणावर माझी मोटारसायकल घसरली. मला फक्त खरचटलं, पण हँडल फिरून टाकीवर आदळलं आणि वाटीएवढा पोचा पडला. सर्व्हिस सेंटरमध्ये म्हणाले, "टाकी बदला." गाडी अब्बांनी घेतलेली, त्यामुळे बदलायला मन होईना. शेवटी एका डेंटिंगवाल्या चाचांकडे गेलो.

चाचांनी पोच्यावरून अंगठा फिरवला, पैसे सांगितले आणि म्हणाले, "परवा या."

मी सवयीनं म्हणालो, "आज संध्याकाळपर्यंत द्या की. आणि थोडं कमी करा."

"करतो कमी. पण कामातलं काय कमी करू, ते तुम्हीच सांगा."

मग त्यांनी काम समजावलं. आधी टाकी उतरवून पेट्रोल काढायचं, कॉक खोलायचा, साबणाच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायची. कारण भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. पेट जी घेते ती पेट्रोलची वाफ. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा एकत्र असतात, एक ठिणगी पुरते. म्हणून धुतल्यावरही वेल्डिंगच्या जागेच्या जरा खालपर्यंत पाणी भरून ठेवायचं, म्हणजे वाफेला जागाच उरत नाही.

टाकीचं तोंड अरुंद, आतून हातोडी पोचत नाही. म्हणून रंग खरवडून पत्र्यावर वॉशर वेल्ड करायचे आणि हूक अडकवून पत्रा कडेकडून थोडा थोडा ओढायचा. घाई केली तर पत्रा ताणला जातो, नको तिथे फुगतो. शेवटी पुट्टीचा पातळ हात, प्रायमर, रंग. स्वस्तातलं काम म्हणजे पोचा पुट्टीनंच भरून टाकायचा. दिसतो छान, पण जाड पुट्टी उन्हानं आणि इंजिनाच्या हादऱ्यांनी तडकते.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपण घासाघीस करतो तेव्हा चाचांचा नफाच तेवढा कमी होत नाही. सगळ्यात आधी टाकी धुण्याचा वेळ जातो, कारण तो गिऱ्हाइकाला दिसत नाही. शोरूमच्या बिलावरची 'लेबर'ची रक्कम आपण मुकाट्यानं भरतो. रस्त्यावरच्या कारागिराशी मात्र शंभर रुपयांसाठी वाद घालतो.

दोष फक्त गिऱ्हाइकाचा नाही. चष्मा न लावता वेल्डिंग करणं, जवळच पेट्रोलचा डबा ठेवणं, हातात काम बसलेल्या उस्तादांनाही यात काही वाटेनासं होतं. त्यांचं पाहून हाताखालची पोरं तेच शिकतात. ही पोरं कोणाची? मुस्लिम कामगारांचं प्रमाण जास्त असलेल्या व्यवसायांत वाहनदुरुस्ती आहे, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातच नोंदलेलं आहे. आपल्या मोहल्ल्यात समाजकार्यासाठी वर्गणी निघते. त्यातून दहा गॅरेजना चष्मे, हातमोजे आणि आग विझवायचं एकेक सिलिंडर देणं अवघड नाही.

तिसऱ्या दिवशी टाकी मिळाली. उजेडात तिरकं पाहिलं तर पोच्याच्या जागी पुसटशी लाट दिसते. चाचांनीच ती आधी दाखवली. मी सांगितले तेवढे पैसे दिले आणि शेजारी बसलेल्या पोराला विचारलं, "चष्मा कुठे आहे रे तुझा?" तो नुसता हसला.