महासंगणक आले, त्यांचे दार कोणासाठी उघडे आहे?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘परम रुद्र’ मालिकेतील तीन महासंगणकांचे लोकार्पण झाले. एक पुण्यात जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी, दुसरा दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये आणि तिसरा कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्रात. तिन्हींचा मिळून खर्च सुमारे १३० कोटी रुपये. २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतील हा एक महत्त्वाचा टप्पा होता आणि त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

अशा प्रत्येक बातमीत एक आकडा हमखास असतो: यंत्राचा वेग किती पेटाफ्लॉप. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी गणिते. मात्र या यंत्रापर्यंत किती जण पोहोचू शकतात, हा दुसरा आकडा बातमीत सहसा नसतो. माझ्या मते विज्ञानाच्या दृष्टीने तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

महासंगणक वापरणारा माणूस क्वचितच त्याच्या समोर बसतो. यंत्र थंड ठेवलेल्या खोलीत असते आणि संशोधक शेकडो किलोमीटर दूर. दोघांमधला दुवा म्हणजे लॅपटॉपवरील एक काळी खिडकी, अर्थात दूरस्थ टर्मिनल. तीत टंकलेले अक्षर दूरच्या यंत्राकडे जाते, तिथून परत येते आणि मगच पडद्यावर उमटते. कोलकाता आणि पुणे यांच्यात सरळ रेषेत सुमारे १,६०० किलोमीटरचे अंतर आहे. प्रकाशतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर असतो. म्हणजे एका अक्षराच्या जाण्यायेण्याला किमान १६ सहस्रांश सेकंद लागतात. प्रत्यक्षात थोडे अधिक, तरी मनुष्याला जाणवू नये इतके कमी.

या तंत्राचा इतिहास इथे उद्बोधक ठरतो. १९६० च्या दशकात पेंटॅगॉनमधील अधिकारी रॉबर्ट टेलर यांच्या कार्यालयात तीन वेगवेगळी टर्मिनले होती: एक बर्कलीच्या संगणकासाठी, एक सँटा मोनिकाच्या, एक एमआयटीच्या. एका यंत्राशी बोलून झाले की उठून दुसऱ्या टर्मिनलपुढे बसायचे. ही गैरसोय अर्पानेटच्या कल्पनेमागील एक प्रेरणा ठरली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरे गेली आणि यंत्र बंद पडले. त्याला आपण जगातील पहिला नेटवर्क संदेश म्हणतो. खरे तर तो ‘लॉगिन’ हा शब्द टंकण्याचा प्रयत्न होता. इंटरनेटच्या पूर्वजाने केलेले पहिले काम दूरच्या संगणकाचे दार ठोठावण्याचे होते.

पुढची अडचण भाषेची होती. प्रत्येक कंपनीचे टर्मिनल वेगळे, प्रत्येक मेनफ्रेमचे संकेत वेगळे. बहुतेक यंत्रे आस्की संकेत वापरत, तर आयबीएमची मोठी यंत्रे एबसिडिक. दहा प्रकारची टर्मिनले आणि दहा प्रकारची यंत्रे जोडायची तर शंभर रूपांतरे लिहावी लागली असती. टेलनेटने यावर सुंदर तोड काढली: एक काल्पनिक, सर्वसामान्य टर्मिनल ठरवायचे आणि प्रत्येकाने फक्त त्याच्याशी जुळवून घ्यायचे. शंभरांच्या जागी वीस रूपांतरे पुरली. १९८३ मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीमागचे सूत्र असे की, साधन दुर्मीळ असेल तर ते ज्याच्या जवळ आहे त्याच्यापुरते राहू नये.

आपल्या देशाने हे सूत्र एका क्षेत्रात उत्तम रीतीने राबवले आहे. रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण १९८० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीत सुरू झाले. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथील पाच केंद्रे परस्परांशी जोडली गेली आणि कुठल्याही खिडकीवरील टर्मिनलवरून देशातील कुठल्याही गाडीचे आरक्षण शक्य झाले. त्या व्यवस्थेचे यश कोणी सिकंदराबादच्या संगणकाच्या वेगाने मोजले नाही; किती गावांतल्या खिडक्या त्याला जोडल्या गेल्या, यानेच मोजले. प्रवाशाला जे मिळाले, ते विज्ञानाच्या विद्यार्थ्याला का मिळू नये?

आजची स्थिती अशी की महासंगणकावर खाते बहुधा संशोधन प्रकल्पाच्या आधारे मिळते. यंत्रे आयआयटी, आयसर, आयआयएससी अशा संस्थांत आहेत आणि तिथल्या विद्यार्थ्याला टर्मिनलची ओळख सहज होते. मोहिमेत प्रशिक्षणाचाही भाग आहे. खरगपूर, मद्रास, गोवा आणि पालक्काड येथील आयआयटींमध्ये त्यासाठी केंद्रे आहेत. हे स्तुत्य आहे. परंतु देशातील बहुसंख्य विद्यार्थी पदवी घेतात ती जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या महाविद्यालयांत. त्यांच्यापैकी अनेकांची या काळ्या खिडकीशी पहिली भेट पीएचडीच्या पहिल्या वर्षी होते. तोवर शेजारी बसलेला सहाध्यायी तीन वर्षे पुढे गेलेला असतो. हा फरक बुद्धीचा नसतो. एकाला दार आधी दिसले, इतकाच असतो.

यातील विरोधाभास असा की हे दार अत्यंत स्वस्त आहे. टर्मिनलमधून केवळ अक्षरे जातात. ज्या जोडणीवर चलचित्र अडखळते, तिच्यावर टर्मिनल बिनतक्रार चालते. ईशान्येतील डोंगराळ जिल्ह्यातला किंवा गडचिरोलीतला विद्यार्थी दहा वर्षे जुन्या लॅपटॉपवरून पुण्याच्या यंत्रावर काम करू शकतो. लागणारे एसएसएच सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि २०१८ पासून विंडोजमध्येही ते अंतर्भूत आहे.

दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला, यंत्राचा वेळ मौल्यवान आहे. पण शिकण्यासाठी संपूर्ण यंत्र लागत नाही. स्लर्मसारखी रांग लावणारी प्रणाली प्रत्येक खात्याला वेळेची मर्यादा घालू शकते; यंत्राचा लहानसा कोपरा आणि महिन्याला काही तास एवढ्यावर रेणूंचे अनुकरण किंवा आयसिंग प्रतिमान उत्तम शिकता येते. लॉगिनच्या यंत्रावर जड काम चालवायचे नसते, ते रांगेत द्यायचे असते, ही शिस्तही तिथेच अंगी बाणते.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो अधिक गंभीर आहे. टेलनेटमधून पासवर्ड उघडाच जात असे. हेलसिंकी तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यातील पासवर्ड चोरीनंतर १९९५ मध्ये तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले. त्यात सारा संवाद कूटबद्ध होतो. तरीही मे २०२० मध्ये एडिंबरोच्या ‘आर्चर’सह युरोपातील अनेक महासंगणक बंद ठेवावे लागले, कारण चोरलेल्या लॉगिनच्या आधारे घुसखोर एका यंत्रावरून दुसऱ्यावर पोहोचले होते. कुलूप मजबूत होते, किल्ल्या मात्र हरवल्या होत्या. यावर उपाय आहेत: खासगी किल्लीला स्वतंत्र परवलीचा शब्द, दुहेरी पडताळणी, विद्यार्थ्यांसाठी संशोधनापासून अलग ठेवलेला विभाग. आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे शिक्षण. प्रथम जोडणी करताना यंत्र आपली ओळख दाखवते, तेव्हा ती न तपासता ‘हो’ टंकणारा संशोधक हा प्रशिक्षित विद्यार्थ्यापेक्षा अधिक धोकादायक असतो.

मार्च २०२४ मधील घटना इथे आठवावी. ‘एक्सझेड’ नावाच्या लहानशा मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी एसएसएचमध्ये शिरण्याची चोरवाट दडवली होती. ती सापडली, कारण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे हे खटकले आणि त्याने कारण शोधले. प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्याला हेच शिकवतो: मापनातील छोटी विसंगती झटकून टाकू नये. अशी नजर वापरातून तयार होते, आणि वापरासाठी आधी प्रवेश हवा.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. विज्ञान व अभियांत्रिकीच्या पदवी विद्यार्थ्याला, मागितल्यास, महासंगणन मोहिमेच्या एखाद्या यंत्रावर मर्यादित शैक्षणिक खाते मिळावे. खाते उघडण्यापासून पहिले काम रांगेत देईपर्यंतची मार्गदर्शिका मराठी, तमिळ, असमिया, हिंदी अशा भाषांत असावी. आज्ञा इंग्रजीत असल्या तरी त्यांचे स्पष्टीकरण इंग्रजीत असण्याचे कारण नाही. आणि प्रत्येक यंत्रावर वर्षभरात किती संस्थांतील किती विद्यार्थ्यांनी काम केले, हा आकडा जाहीर व्हावा.

पुढचे यंत्र आताच्या यंत्रापेक्षा वेगवान असेलच. तंत्रज्ञानाची चालच तशी आहे. त्या लोकार्पणाच्या बातमीत पेटाफ्लॉपच्या शेजारी हा दुसरा आकडाही असला पाहिजे. विद्यार्थी मित्रांनो, तोवर तुमच्या विभागप्रमुखांना एवढेच विचारा: आपल्या महाविद्यालयातून देशाच्या महासंगणकावर लॉगिन करण्याची वाट कोणती?