पाठ उघडून बघणारं कुणीतरी हवं

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, हिंगोली



कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्याहून हे पत्र लिहितो आहे. खेड्यापाड्यांतली आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेकडे असतात, म्हणून आपल्याला. विषय मात्र दवाखान्याचा नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरात जे करावं लागतं, त्याचा आहे: अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, लघवी-संडासचं बघणं. हे नीट होतंय का, हे बघण्याची जबाबदारी आज कुणावरच नाही. ती कुणावर तरी असावी, एवढंच मागणं आहे.

माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. नांदेडच्या दवाखान्यातून अकराव्या दिवशी तिला घरी आणलं तेव्हा माघ संपत आला होता, हळदीची काढणी ऐन भरात होती. घरातल्या बायका पहाटेच शेतात जायच्या, मी शाळेवर. म्हणून एका खासगी संस्थेमार्फत चोवीस तासांची बाई ठेवली. तिच्याजवळ वही असायची. अंघोळ घातली, जेवण दिलं, दर दोन तासांनी कूस बदलली, प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण. ती वही पाहून मी निर्धास्त झालो.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी लवकर घरी आलो. खोलीत वास येत होता. चादर बदलायला आईला कुशीवर वळवलं, तर माकडहाडावर रुपयाच्या नाण्याएवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या. वही उशाशीच होती. घड्याळात दीड वाजला होता आणि त्या दिवशीच्या पानावर संध्याकाळी सहापर्यंतच्या खुणा झालेल्या होत्या.

सगळा दोष त्या बाईवर टाकून मी मोकळा होणार नाही. चोवीस तासांत तिला सलग तीन तासांची झोप मिळत नव्हती. निजलेल्या माणसाला एकटीनं कसं वळवायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आणि मी? आईची पाठ मुलानं कशी उघडून बघायची, या संकोचात तीन आठवडे घालवले. अशी जखम एका रात्रीत होत नाही. आधी कातडी लाल होते आणि बोटानं दाबली तरी ती लाली जात नाही. तेव्हाच त्या जागेवरचा भार काढला, तर पुढचं बहुतेक वेळा टळतं. रोज दिवसाउजेडी कुणी पाठ पाहिली असती तर तो डाग दिसला असता.

आपल्या आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक तपासणी अर्ज भरतात. त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. त्यातला एक असा, की खाणं, कपडे घालणं, अंघोळ, चालणं, संडासला जाणं यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का. प्रश्न फार चांगला आहे. अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी 1963 साली अशाच सहा रोजच्या गोष्टींवरून माणूस किती परावलंबी झाला हे मोजायची पद्धत मांडली. आज जगभर तिचा वापर होतो. पण गरज मोजणं वेगळं आणि ती कशी भागवली जाते हे मोजणं वेगळं. अर्जावर ‘हो’ची खूण होते आणि विषय तिथेच संपतो. मदत कोण करतं, कशी करतं, करणाऱ्याला ती झेपते का, हे लिहायला त्या कागदावर जागा नाही.

आणि घरात होणारी काळजी तपासता येत नाही असं थोडंच आहे? बाळंतपण दवाखान्यात झालं तरी पुढच्या 42 दिवसांत आशाताई सहा वेळा घरी येते. बाळाचं वजन करते, ताप बघते, नाळ बघते, आई दूध कसं पाजते ते समोर बसून पाहते. ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रातून देशभर गेली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गडचिरोलीच्या 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यांच्या नोंदी पर्यवेक्षक घरी जाऊन पडताळत. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. तिथे नोंद ठेवणारी एक आणि पडताळणारी दुसरी होती. आमच्या घरात खूण करणारी आणि तपासणारी एकच होती, तिथेच घात झाला.

कायद्याचा आधार शोधला, तर हाती फार काही लागत नाही. ज्येष्ठांच्या देखभालीचा 2007 चा कायदा मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकतो. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान निकष, दोन्ही होते. ते मंजूर झालं नाही आणि लोकसभेची मुदत संपली तेव्हा बाद झालं. इंग्लंडमध्ये अशा संस्था तपासायला 2009 पासून स्वतंत्र आयोग आहे. दिल्लीत असं काही होईल तेव्हा होवो. गावातल्या अंथरुणावरच्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो.

म्हणून साहेब, जिल्हा परिषदेला जमेल असंच मागतो. ज्या अर्जांवर ‘हो’ची खूण आहे, ती घरं वेगळी काढा. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं महिन्यातून एकदा तिथे जावं. वही नंतर बघावी, आधी माणूस बघावा. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरं. तोंड उघडून जीभ कोरडी आहे का, नखं कधी काढली, लघवीची नळी असेल तर ती कधी बदलली. दंडाचा घेर टेपनं मोजला तरी अंगावरचं मांस कमी होतंय का ते कळतं. बोलता येत असेल त्याच्याशी घरच्यांना बाहेर थांबवून दोन मिनिटं बोलावं. पाणी मागितलं तर मिळतं का, कुणी ओरडतं का. ज्याला माझ्या आईसारखं बोलता येत नाही त्याला हो-नाहीचे प्रश्न विचारून हातानं उत्तर घ्यावं. आई डाव्या हातानं दाबून सगळं सांगू शकली असती, विचारणारं कुणी नव्हतं.

त्याच भेटीत करणाऱ्या बाईलाही विचारावं, रात्री झोप किती होते, कंबर धरते का. बहुतेक घरांत ती पगारी नसते, सून असते. तिला धाक घालायला ही तपासणी नको. डाग दिसला तर वळवायचं कसं ते तिथेच तिच्या हातानं करून घ्यावं आणि आठ दिवसांत पुन्हा यावं. आशाताईंवर हे काम टाकणार असाल तर त्याचा मोबदला आधी ठरवा. फुकटच्या कामाची नुसती खूणच होते, हे आम्ही पाहिलं आहे.

सुरुवात डोंगरकड्यापासून करा. आमच्या घरची ती वही मी जपून ठेवली आहे, शिकवायला लागली तर घेऊन जा. आणि पहिली भेट न सांगता, भर दुपारी ठेवा. हळद-केळीच्या हंगामात आमची घरं तेव्हा रिकामी असतात आणि आत खाटेवर एक माणूस असतं.

आपला,
डोंगरकड्यातील एक शिक्षक