विश्लेषण : इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये मला संधी किती? आधी नोकरी कोणती ते ठरवा!

दहावीला इतके टक्के, बारावीला इतके, पदवीला इतके. सीएफएची पहिली लेव्हल द्यायचा विचार आहे. इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये ‘चान्स’ किती? बी.कॉम., बीएमएस किंवा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींचा हा प्रश्न हल्ली ठरलेला असतो. त्यांना अपेक्षित असते ते एक आकड्यातले उत्तर. ते देता येत नाही. गुण कमी असतात म्हणून नव्हे, तर विचारणाऱ्याच्या डोक्यातली नोकरी आणि त्याला प्रत्यक्षात मिळू शकणारी नोकरी या बहुतेक वेळा दोन वेगळ्या नोकऱ्या असतात म्हणून. दोन्हींचे नाव मात्र एकच आहे, आणि या नावावर सध्या बराच पैसा कमावला जातो.

इन्व्हेस्टमेंट बँकर नेमके करतो काय?

ऑक्टोबर २०२४ मधला ह्युंदाई मोटर इंडियाचा आयपीओ आठवा. सुमारे २७,८७० कोटी रुपयांचा, तोवरचा देशातला सर्वांत मोठा. कोरियातल्या मूळ कंपनीला आपल्या हिश्श्यातले काही समभाग विकायचे होते. कंपनीची किंमत काय धरावी, सेबीपुढे कोणती कागदपत्रे ठेवावी, मोठ्या गुंतवणूकदारांना काय सांगावे, समभागाचा दरपट्टा कुठे ठेवावा ही सारी जुळवाजुळव पाच बँकांनी केली : कोटक महिंद्रा कॅपिटल, सिटी, एचएसबीसी, जेपी मॉर्गन आणि मॉर्गन स्टॅन्ले. कंपन्यांची खरेदी-विक्री, विलीनीकरण यांतही असेच काम असते. इन्व्हेस्टमेंट बँकिंग म्हणतात ते हे.

यात नव्या मुलाच्या वाट्याला येते एक्सेलमधले मॉडेल, शे-दीडशे स्लाइडचे सादरीकरण आणि रात्री अकरा वाजता साहेबांनी सुचवलेल्या दुरुस्त्या. एका व्यवहारावर एका बँकेची मोजकीच माणसे असतात. नरिमन पॉइंट, लोअर परळ-प्रभादेवी आणि बीकेसी एवढ्या पट्ट्यात या व्यवसायाचा भारतातला मोठा भाग मावतो. जागा दरवर्षी किती निघत असतील, याचा अंदाज यावरूनच यावा.

मग पुण्यात हजारो जण कोणत्या बँकेत काम करतात?

खराडीला सकाळी कंपन्यांच्या बसमधून उतरणाऱ्या तरुणांच्या गळ्यातली ओळखपत्रे पाहा. बार्कलेज, यूबीएस अशी जगातल्या बड्या बँकांची नावे त्यांवर दिसतील. मुंबईत गोरेगाव-पवईकडे आणि बंगळुरूतही हेच चित्र आहे. लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये झालेला सौदा पूर्ण झाला की नाही हे तपासणे, ग्राहकाची केवायसी, दोन बाजूंच्या नोंदी जुळवणे, जोखमीचे अहवाल, सॉफ्टवेअर अशी कामे इथून चालतात. तिकडच्या पगारात इथे अधिक माणसे नेमता येतात, म्हणून ही केंद्रे उभी राहिली आणि वाढली.

ही कामे दुय्यम आहेत असे मी म्हणणार नाही. नियमित पगार, बऱ्यापैकी ठरलेल्या वेळा आणि जागतिक कंपनीतला अनुभव यांवर पुण्यात अनेकांनी घरे घेतली, संसार उभे केले. पण हा इन्व्हेस्टमेंट बँकिंगचा ‘फ्रंट ऑफिस’ नव्हे. आज सेटलमेंटच्या टेबलावर बसलो की दोन वर्षांत विलीनीकरणाच्या टीममध्ये जाऊ, ही समजूत फारच थोड्यांच्या बाबतीत खरी ठरते. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्ग आहे. परदेशातल्या बँकरांसाठी कंपन्यांचा अभ्यास, मूल्यांकन आणि सादरीकरणे भारतातून तयार करून देणाऱ्या टीम. ग्राहक कधी समोर येत नाही, पण हात त्याच कामावर बसतो. तिथून पुढे सरकणारे भेटतात.

हे तीन वर्ग वेगळे केल्याशिवाय ‘चान्स’ मोजण्यात अर्थ नाही. पहिल्यासाठी शक्यता अगदी कमी, तिसऱ्यासाठी बरी आणि दुसऱ्यासाठी सामान्य महाविद्यालयातल्या वाणिज्य पदवीधरालाही चांगली, असे ढोबळ उत्तर त्यानंतरच देता येते.

गफलत होते कुठे आणि फायदा कोणाला?

मोबाइलवर एकदा ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंग’ शोधा. पुढचे दोन आठवडे अभ्यासक्रमांच्या जाहिराती तुमची पाठ सोडणार नाहीत. चार-सहा महिने, शुल्क लाखाच्या घरात, सोबत हप्त्यांची सोय आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट सहाय्य’. यातला ‘सहाय्य’ हा शब्द नीट वाचावा. हमी आणि सहाय्य यांत अंतर आहे, ते शुल्क भरून झाल्यावर कळते. जाहिरातीत दिसतो काचेच्या इमारतीतला सूट घातलेला बँकर. अभ्यासक्रम संपल्यावर मुलाखती बहुतेकदा असतात त्या वरच्या दुसऱ्या वर्गातल्या, म्हणजे केवायसी आणि सेटलमेंटच्या. बी.कॉम.च्या मुलाला त्यातल्या काही जागा त्या अभ्यासक्रमाविनाही मिळू शकल्या असत्या.

माझा आक्षेप अभ्यासक्रम असण्याला नाही. ऑपरेशन्सच्या नोकरीसाठी शिकवा, पण मग नावही तेच ठेवा. सोलापूर किंवा परभणीचा बाप मुदत ठेव मोडून पैसे भरतो, तेव्हा तो मुलाला बीकेसीत पाठवत असतो. मुलगा नोकरीला लागतो, पगारही सुरू होतो आणि तरी घरी सांगताना तो चाचरतो. फसवणूक झाली असे त्याला म्हणता येत नाही, झाली नाही असेही म्हणवत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे आणली. निवडीची, नोकरीची किंवा पगारवाढीची खोटी हमी देण्यास त्यांत मनाई आहे. यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र वापरायचे तर त्याची लेखी संमती हवी आणि त्याने कोणता अभ्यासक्रम केला हेही सांगायला हवे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण तक्रारीची वेळ येण्याआधीच संस्थेला एक प्रश्न विचारावा : गेल्या वर्षी नोकरी लागलेल्यांच्या नियुक्तिपत्रावर पद काय होते, टीम कोणती होती, शहर कोणते होते? कंपनीचे नाव सांगून विषय बदलला, तर उत्तर मिळाले असे समजावे.

आयआयएम, सीए की सीएफए?

गोल्डमन सॅक्सच्या २०२४ च्या उन्हाळी इंटर्नशिपसाठी जगभरातून तीन लाखांहून अधिक अर्ज आले आणि निवडले गेले एक टक्क्याहून कमी. हा आकडा सर्व विभागांचा मिळून आहे. भारतात मोठ्या बँकांच्या डील टीममध्ये शिरण्याचा रूढ मार्ग म्हणजे जुन्या आयआयएम आणि मोजक्या संस्थांमधला कॅम्पस. २०२४ ची कॅट सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी दिली. आयआयएम अहमदाबादच्या मुख्य अभ्यासक्रमाची एक तुकडी असते चारशेच्या आसपास, आणि तिथेही वित्त क्षेत्र निवडणारे सगळे बँकर होत नाहीत.

त्यात आणखी एक मेख आहे. प्रवेशाच्या छाननीत दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणांनाही वजन असते. म्हणजे पंधराव्या-सोळाव्या वर्षी घरात आजारपण होते किंवा गावात गणिताला धड शिक्षक नव्हता, याचा हिशेब बाविसाव्या वर्षी होतो. सौदे जुळवण्याच्या कौशल्याचा दहावीच्या टक्क्यांशी काय संबंध, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. कंपन्यांना अर्जांचा ढीग झटपट कमी करायचा असतो, एवढेच खरे कारण दिसते. आपले जुने गुण बेताचे असतील तर या दाराशी तीन वर्षे ताटकळत बसू नये. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला राज्याच्या सीईटीतून चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेत जाण्याचा पर्याय आहे. तिथली चुरसही काही कमी नाही.

नांदेड, सांगली किंवा जळगावातून पाहणाऱ्याला मला सर्वांत सरळ वाटतो तो सीएचा रस्ता. परीक्षा अवघड आहे, वर्षे जातात, नापासांची संख्या मोठी असते. पण महाविद्यालय कोणते आणि वडील काय करतात हे ती परीक्षा विचारत नाही. खर्चही एमबीएच्या तुलनेत किरकोळ. जुलै २०२३ पासूनच्या नव्या नियमांनुसार आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली आहे. ती कुठे करायची, हा निर्णय मात्र काळजीने घ्यावा. गावातल्या ओळखीच्या फर्ममध्ये टॅक्स रिटर्न भरत दोन वर्षे गेली, तर परीक्षेच्या अभ्यासाला सवड मिळते, पण डीलच्या कामाचा गंध मिळत नाही. कंपनी विकत घेण्याआधीची तपासणी किंवा मूल्यांकन करणाऱ्या फर्ममध्ये जागा मिळाली, तर पुढे बँकेच्या मुलाखतीत बोलायला काहीतरी असते.

सीएफएबद्दल थोडक्यात. तीन लेव्हल, शुल्क डॉलरमध्ये, आणि अलीकडच्या परीक्षांत पहिल्या लेव्हलला निम्म्याहून अधिक नापास. ही पदवी मुळात गुंतवणूक विश्लेषणासाठी आहे. अर्जाला वजन येते, दार आपोआप उघडत नाही.

नशिबाचा भाग किती?

बराच. प्राइम डेटाबेसच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये मुख्य बाजारातल्या आयपीओंनी सुमारे १.१९ लाख कोटी रुपये उभे केले. २०२२ मध्ये ५९ हजार कोटी, २०२३ मध्ये ४९ हजार कोटी आणि २०२४ मध्ये थेट १.६ लाख कोटींच्या घरात. भरती या लाटेवर चालते. तोच विद्यार्थी, तेच गुण, पण २०२३ ला बाहेर पडला की २०२४ ला, यावर बरेच अवलंबून. २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली, तेव्हा पवईतल्या तिच्या केंद्रातल्या लोकांची ओळखपत्रे नोमुराची झाली. २०२३ मध्ये क्रेडिट सुईसच्या पुण्यातल्या कर्मचाऱ्यांची यूबीएसची.

कामाचे तास हा तर वेगळाच विषय. २०२१ मध्ये गोल्डमनच्या १३ नवख्या कर्मचाऱ्यांनी आपल्या कामाची पाहणी केली, त्यात आठवड्याची सरासरी ९५ तास निघाली. जेपी मॉर्गनने २०२४ मध्ये कनिष्ठ बँकरांसाठी ८० तासांची मर्यादा आणली आणि ती सुधारणा मानली गेली! आता एआय आले आहे. आयपीओच्या कागदपत्राचा ९५ टक्के मसुदा काही मिनिटांत तयार होतो, असे गोल्डमनचे प्रमुख डेव्हिड सोलोमन यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. हेच काम पूर्वी सहा जणांच्या टीमला दोन आठवडे पुरायचे. ते सहा जण म्हणजे अर्थातच नवी मुले.

मग स्वतःला तपासायचे कसे?

फुकटात. सेबीच्या संकेतस्थळावर मुख्य बाजारातल्या आयपीओंचा मसुदा, म्हणजे डीआरएचपी, कोणालाही वाचता येतो. आपल्याला माहीत असलेल्या धंद्यातली एखादी कंपनी निवडा. जोखमीचे प्रकरण वाचा, तीन वर्षांचे ताळेबंद एक्सेलमध्ये उतरवा आणि पुढच्या तीन वर्षांचा अंदाज स्वतः मांडून पाहा. चाळिसाव्या पानावर कंटाळा आला, तर लाखभर रुपये वाचले. रात्रीचे दोन वाजलेले कळले नाहीत, तर आयआयएमचा शिक्का नसला तरी पुढे जायला हरकत नाही.

त्याच मसुद्याच्या मुखपृष्ठाजवळ आयपीओ हाताळणाऱ्या मर्चंट बँकरांची नावे असतात. नोंदणीकृत मर्चंट बँकरांची पत्त्यांसह यादीही सेबीकडे आहे, आणि त्यात बड्या विदेशी नावांपेक्षा कधी न ऐकलेल्या कंपन्याच जास्त दिसतील. बीएसई आणि एनएसईचे छोट्या कंपन्यांसाठीचे एसएमई मंच २०१२ मध्ये सुरू झाले. तिथले आयपीओ याच लहान कंपन्या आणतात. त्यांच्याकडे कॅम्पसची चाळणी नसते, तीन-चार महिन्यांची इंटर्नशिप ईमेल पाठवून मिळू शकते. सोबत आपण केलेले एक्सेल जोडावे. मात्र एसएमई आयपीओंमधले गैरप्रकारही अलीकडे उघडकीस आले आहेत आणि सेबीने काही मर्चंट बँकरांवर कारवाई केली आहे. त्यामुळे ईमेल पाठवण्याआधी त्या कंपनीचे नाव सेबीच्या आदेशांच्या पानावर एकदा शोधून घ्यावे. त्याला पाच मिनिटे लागतात.